घोरणं थांबलं, आकडा मात्र २१ वर अडला. मग ऑपरेशन फसलं म्हणायचं का?

प्रश्न तासगावच्या एका ताईंचा आहे. मिस्टर ४४ वर्षांचे, द्राक्षाच्या हंगामात टेम्पो घेऊन रात्रीचे वाशी मार्केटला जातात. पहिल्या स्लीप स्टडीत एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा अगदी उथळ होतो तो आकडा, ४६ आला होता. सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, घेतलं, ते दोन महिन्यांत कपाटावर गेलं. सहा महिन्यांपूर्वी टॉन्सिल काढून टाळूचं ऑपरेशन झालं. आता घोरणं जवळजवळ बंद आहे, दिवसाची पेंग गेली आहे, दिवसा किती झोप येते ते मोजणाऱ्या एपवर्थच्या फॉर्मवर १७ चे ६ झालेत. पण दुसऱ्या स्लीप स्टडीत एएचआय २१ आला आणि एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ‘ऑपरेशन फेल’ असं सांगितलं. मिस्टर म्हणतात, मला बरं वाटतंय, आता टेस्ट नको आणि मशीन तर नकोच. शिवाय पाणी पिताना मधूनच नाकात येतं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं. ताई विचारतात, यातलं खरं कोणाचं धरायचं?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. ऑपरेशन फसलेलं नाही आणि आजार, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा स्लीप अ‍ॅप्निया, गेलेलाही नाही. मिस्टरांना बरं वाटतंय ते खरं, रिपोर्टमधले २१ पण खरे. ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिलं की घरात भांडण लागतं. मिरज-सांगलीत ही ऑपरेशनं करताना आणि नंतर पेशंट तपासताना मला हा घोळ सारखा दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘फेल’ हा शब्द कुठून आला ते बघा. १९९६ साली अमेरिकेतल्या शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे टाळूच्या ऑपरेशनांचे निकाल एकत्र केले. तेव्हापासून आमच्यात एक मोजपट्टी रूढ झाली: एएचआय निम्म्याने तरी उतरला पाहिजे आणि शिवाय २० च्या खाली आला पाहिजे. ४६ चे निम्मे २३, म्हणजे पहिली अट तुमच्या मिस्टरांनी पार केली. दुसरी थोडक्यात हुकली. १९ आले असते तर त्याच डॉक्टरांनी ‘सक्सेस’ लिहिलं असतं. स्लीप स्टडी दोन वेगळ्या रात्री केली तर आकडा याहून जास्त हलतो. त्या रात्री माणूस उताणा किती झोपला, नाक चोंदलं होतं का, जेवताना थोडी घेतली होती का, एवढ्यानेही फरक पडतो.

आता यातली गंमत. या ऑपरेशनवर जे मोजके चांगले अभ्यास झाले, त्यातला एक स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयाचा, २०१३ साली छापलेला. ६५ पेशंट, कोण कुठल्या गटात जाणार ते नशिबावर सोडलेलं. एका गटाचं ऑपरेशन लगेच, दुसऱ्याला थांबवून ठेवलेलं. ऑपरेशन झालेल्यांचा एएचआय सरासरी ५३ वरून २१ वर आला. दुसरा ऑस्ट्रेलियातला, २०२० चा, १०२ पेशंटचा. त्यात टाळूबरोबर जिभेच्या मुळावरही उपचार केले होते. तिथे सरासरी ४८ वरून पुन्हा २१ च्याच आसपास. म्हणजे शेरची पट्टी लावली तर या दोन्ही अभ्यासांतला सरासरी पेशंट नापास! आणि त्याच पेशंटांच्या एपवर्थचं काय झालं? स्वीडनमध्ये साधारण साडेबारावरून सातच्या आत, ऑस्ट्रेलियात बारावरून पाचाच्या घरात. थांबवून ठेवलेला किंवा नुसत्या औषध-सल्ल्यावर ठेवलेला गट जवळपास होता तिथेच राहिला. या फॉर्मवर दोन-तीन गुणांचा फरकसुद्धा माणसाला जाणवण्याइतका धरतात. तुमच्या मिस्टरांचा अकरा गुणांचा आहे. त्यांचं बरं वाटणं उगाच नाही.

मग आकडा आणि जाणीव बरोबरीनं का चालत नाहीत? एएचआय फक्त मोजणी करतो. श्वास दहा सेकंद थांबला काय आणि पन्नास सेकंद थांबला काय, हिशेबात दोन्ही एकच. ऑपरेशननंतर थांबण्यांची संख्या निम्मी होते, पण बऱ्याचदा प्रत्येक थांबणं आखूडही होतं, ऑक्सिजन पूर्वीइतका खाली जात नाही, माणूस दचकून उठत नाही. ते सगळं त्या एका आकड्यात दिसत नाही. उलटंही होतं. आकडा उत्तम आणि पेंग तशीच, असे पेशंटही येतात. त्यांच्यात मग थायरॉईड निघतं, वाढलेली शुगर निघते, सर्दीची झोप आणणारी गोळी रोज चालू असते, किंवा माणूस मुळात पाचच तास झोपत असतो. हंगामात रात्री गाडी चालवून दिवसा पत्र्याच्या शेडमध्ये झोपणाऱ्याला कुठलंही ऑपरेशन झोप पुरवून देत नाही.

पण म्हणून ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर मी फाईल बंद करत नाही. ते बरं वाटणं मोजलं कसं, हे आधी बघतो. आणि इथे आपल्याकडे फार ढिलाई आहे.

एपवर्थचा फॉर्म मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केला. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती त्याला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं की जास्त. साधा आहे, पण भरणाऱ्यावर सगळं अवलंबून. पहिला प्रसंग, बसून वाचताना. आमचे निम्मे पेशंट म्हणतात, मी वाचतच नाही, आणि समोर शून्य पडतो. त्या शून्याचा अर्थ ‘झोप येत नाही’ असा होतो, जो त्याला म्हणायचाच नसतो. जे करत नाही, ते केलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज लिहायचा असतो. हे कोणी सांगत नाही. एक प्रसंग थिएटरमध्ये किंवा सभेत गप्प बसल्यावरचा आहे. सांगली नाट्यपंढरी खरी, पण मी नाटकाऐवजी गावातल्या कीर्तनाचं किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेचं विचारतो, लगेच खरं उत्तर येतं. दुपारी जेवल्यावर, दारू न घेता, स्वस्थ बसल्यावर झोप येते का, हा प्रश्न वाचला की शेजारी बसलेली बायको नवऱ्याकडे बघते, आणि पुढचं उत्तर तीच देते.

फॉर्म इंग्रजीत असतो, तो मुलगा भरतो नाहीतर सिस्टर भरते. पहिला मुलाने भरला आणि सहा महिन्यांनी दुसरा पेशंटने स्वतः भरला, तर १७ आणि ६ यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे दोन्ही वेळा कोणी भरला, ते आठवून बघा.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांसमोर आपला माणूस ‘बरं हाय साहेब’च म्हणतो. पैसे घातलेत, दहा दिवस घसा सोसलाय, डॉक्टर चांगले आहेत. वाईट कशाला बोला? वर सांगितलेल्या दोन्ही अभ्यासांतही पेशंटला आपलं ऑपरेशन झालंय हे ठाऊकच होतं. त्यामुळे एपवर्थच्या सुधारणेत थोडा वाटा नुसत्या आशेचा असणार, तो मी मनातल्या मनात वजा करतो. सगळी सुधारणा काही आशेवर येत नाही, पण थोडी येते.

तुमच्या बाबतीत तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्याचं पोट गाडीवर आहे तो गाडीतल्या झोपेबद्दल खरं लिहीत नाही. लायसन्सची भीती असते, मालकाची असते. म्हणून ड्रायव्हर पेशंट असेल तर मी क्लीनरला विचारतो. रात्री झोपेत काय होतं ते बायकोला माहीत, आणि रात्री जागेपणी काय होतं ते क्लीनरला. पहाटे खंबाटकी ओलांडताना उस्ताद बोलायचे बंद होतात का, गाडी पट्ट्याकडे झुकते का, तोंडावर पाणी मारायला किती वेळा थांबतात, हे एवढं विचारलं की फॉर्मवरच्या सहाचं खरं वजन कळतं. क्लीनरने ‘होतं कधी कधी’ म्हटलं, तर ६ काय आणि ० काय, रात्रीची खेप बंद. इथे मी अजिबात सैल पडत नाही.

घोरण्याबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. या ऑपरेशननंतर घरच्यांना पहिला आणि सगळ्यात मोठा फरक घोरण्यातच दिसतो, आणि त्याने घराला हायसं वाटतं. ते काही कमी नाही. वेगळ्या खोलीत झोपणारी जोडपी परत एका खोलीत आलेली मी बघितली आहेत. झोपेच्या त्रासाचा रोजच्या कामांवर काय परिणाम होतो ते विचारणारा एक फॉर्म आहे, एफओएसक्यू नावाचा. त्यात नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल एक प्रश्न असतो. आपल्याकडे तो हमखास कोरा राहतो, पण दोघांपैकी कोणाला एकटं विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात. असो. मुद्दा असा, की आवाज टाळूच्या थरथरण्याचा असतो. टाळू ताणून घट्ट केला की आवाज जातो. पण जिभेच्या मागे घसा मिटत असेल तर तो मुकाट्याने मिटत राहतो. पूर्वी घोरणं मध्येच थांबलं की तुम्ही जाग्या व्हायचात आणि हलवायचात. आता तुम्हालाच शांत झोप लागते. म्हणून दोन-तीन रात्री, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, मोबाईलवर दहा-दहा मिनिटांचं चित्रण करा. छाती-पोट हलतंय पण नाकातोंडातून हवेचा आवाज नाही, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास, असं दिसलं तर ते आम्हाला दाखवा. रात्री लघवीला किती वेळा उठतात तेही लिहून ठेवा. श्वास अडत असला की रात्रीची लघवी वाढते, आणि हे उत्तर देताना कोणी आढेवेढे घेत नाही.

आता घशाकडे येतो. याविषयी पेशंट बोलतात आणि आम्ही डॉक्टर ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो.

सुरुवातीचे दहा-बारा दिवस वाईटच जातात. थुंकी गिळताना कानात कळ जाते, मऊ भात आणि गार ताक एवढंच चालतं, वजन तीन-चार किलो उतरतं. ते सगळ्यांचंच. (तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी भडंगाची पुडी फोडतो आणि संध्याकाळी फोन करतो. सांगलीत हे चालायचंच.) खरी तक्रार त्यानंतर उरते ती. २००९ साली अशा ऑपरेशनांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात कायम राहणाऱ्या लहान-मोठ्या तक्रारींचं प्रमाण वेगवेगळ्या ठिकाणी १४ ते ६२ टक्के निघालं: गिळायला अडचण, घशात गोळा असल्यासारखं वाटणं, आवाजात फरक. एवढी तफावत का? एक तर जुन्या पद्धतीत पडजीभ आणि टाळूचा काठ सरसकट कापायचे. २००७ नंतर पुढे आलेल्या पद्धतींत स्नायू कापून टाकण्याऐवजी बाजूला वळवून टाक्यांनी बांधतात आणि पडजीभ शक्यतो ठेवतात. दुसरं, विचारलं तर सापडतं, नाही विचारलं तर नाही.

पाणी नाकात येणं म्हणजे गिळताना मऊ टाळू मागे टेकून नाकाची वाट पूर्ण बंद करत नाही. पहिल्या काही आठवड्यांत हे बऱ्याच जणांना होतं आणि आपोआप जातं. सहा महिन्यांनंतरही होत असेल तर तपासायला हवं. मिस्टर पाणी कसं पितात ते आधी बघा. तांब्या किंवा बाटली वर धरून, ओठ न लावता घटाघटा ओतून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात मान मागे आणि घोटामागून घोट, नवीन टाळूला सावरायला वेळच मिळत नाही. पेल्याला ओठ लावून, हनुवटी किंचित खाली घेऊन, एकेक घोट. नळाला ओणवं होऊनही पिऊ नये. एवढ्या बदलाने बहुतेकांचं भागतं. नसेल भागत तर आम्ही नाकाखाली गार आरसा धरून ‘काकडी कापा’, ‘पोपट पकडा’ असं म्हणायला लावतो. या शब्दांत नाकातला एकही आवाज नाही. तरी आरशावर वाफ धरली तर टाळू अपुरा पडतोय. मग स्पीच थेरपिस्टकडे पाठवायचं, आणि दुर्बिणीने टाळूची हालचाल बघायची. मिरजेत गाणारी मंडळी पुष्कळ, त्यामुळे आवाजाचा प्रश्न इथे कोणी हसण्यावारी नेत नाही. गाणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या माणसाला हे ऑपरेशन सुचवताना मी दहा वेळा विचार करतो.

गोळा अडकल्यासारखं वाटतं त्याला बहुधा टाळूवरचा वण, कोरडेपणा आणि पित्त अशी तिन्ही कारणं थोडी थोडी असतात. सारखं खाकरल्याने ते वाढतं. मावा, तंबाखू आणि रात्रभर चहा यांनी तर नक्की वाढतं, आणि ड्रायव्हर माणसाकडे या तिन्ही गोष्टी गाडीतच असतात. बघा जमलं तर.

आता पुढे काय. २१ म्हणजे मध्यम आजार; १५ ते ३० ला मध्यम म्हणतात, ३० च्या वर तीव्र. तीव्रातून मध्यमात आलात, पण तिथेच थांबायचं नाही. दुसरा रिपोर्ट नीट उघडून बघा. उताण्या झोपेतला एएचआय वेगळा दिलेला असतो. तो ३५ आणि कुशीवरचा ८ असं निघालं तर कुशीवर झोपायची सवय लावणं हाच मोठा उपचार. ऑक्सिजन किती खाली गेला ते बघा, बीपी मोजा. आणि वजन. ऑपरेशनच्या महिन्यात उतरलेलं वजन हंगामात परत आलंय का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या मोठ्या अभ्यासात १० टक्के वजन वाढलेल्यांचा एएचआय सुमारे ३२ टक्के वाढला होता आणि १० टक्के उतरलेल्यांचा २६ टक्के घटला होता. टाळूवरचे टाके वाढत्या मानेपुढे टिकत नाहीत.

मशीन ‘नकोच’ असं त्यांनी आत्ताच ठरवू नये. ऑपरेशनआधी ज्या प्रेशरला ते गुदमरायचे, ते प्रेशर आता बरेचदा कमी लागतं; नवीन सेटिंग करून पंधरा दिवस बघावं. एक अडचण येऊ शकते ती आधीच सांगतो: टाळूचं ऑपरेशन झालेल्यांत हवा तोंडावाटे निसटते, म्हणून नुसत्या नाकाचा मास्क जमला नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा घ्यावा लागतो. तेही नको असेल तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण आहे, मध्यम आजारात ते चांगलं चालतं. झोपेच्या औषधाखाली दुर्बीण घालून घसा नेमका कुठे मिटतो ते बघणं हा पुढचा टप्पा. पण त्याआधी हे सगळं.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय आणि जे हे वाचतायत, त्यांना एकच काम सांगतो. ऑपरेशनच्या आधी एका कागदावर नवरा-बायकोने मिळून, स्वतःच्या शब्दांत, तीन गोष्टी लिहा ज्या बदलायला हव्यात. ‘सकाळी डोकं जड नसावं’, ‘रात्री चारदा उठणं एकदावर यावं’, ‘हिला माजघरात जाऊन झोपायला लागू नये’, असं काहीही. एपवर्थचा फॉर्म त्याला टाचा, भरणाऱ्याचं नाव टाका. तीन आणि सहा महिन्यांनी तोच कागद काढा. पहिल्या महिन्यात काढू नका, तेव्हा दुखणं आणि उतरलेलं वजन दोन्ही फसवतात. आणि डॉक्टरांना आधीच विचारा, माझे टॉन्सिल किती मोठे आहेत आणि तोंड उघडल्यावर टाळू दिसतो की जीभच दिसते. शिकागोच्या फ्रीडमन यांनी २००२ साली दाखवलं, की मोठे टॉन्सिल आणि खाली बसलेली जीभ असलेल्यांत नुसतं टाळूचं ऑपरेशन सुमारे ८० टक्के जणांत यशस्वी होतं, आणि टॉन्सिल लहान, जीभ चढलेली असेल तर जेमतेम ८ टक्के. ऑपरेशनचा धोकाही विचारायला लाजू नका. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३,१३० जणांचा हिशेब काढला होता, त्यात गंभीर गुंतागुंत दीड टक्क्यात झाली होती.

ताई, मिस्टरांना टेस्टचं आत्ता बोलू नका, नाही म्हणतील. आधी मोबाईलवरचं चित्रण दाखवा, त्यांचं त्यांनाच बघू द्या. मग द्राक्षाची गडबड सुरू व्हायच्या आत तुमच्या सर्जनकडे एकदा जाऊन या. जाताना क्लीनरला घेऊन गेलात तर फारच छान. पहिल्या स्टडीचा रिपोर्टही बरोबर ठेवा. नुसता दुसरा बघून कोणीही पास-नापास सांगायला लागलं, तर तो कागद पुढे करा.